पियानो धुता येत नाही

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान झाला, त्या दिवशी मी खुशीत घरी आलो. वाटेत शीळसुद्धा घातली.

अकोल्याला कापसाच्या एका जिनिंग मालकाचा बंगला होता. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला पियानो शिकवायला मला बोलावलं होतं. दिवाणखान्याच्या दारात चपला काढून मी उभा राहिलो. दिवाणजीनं पांढऱ्या हातमोज्यांचा जोड आणला. माझ्या हातात दिला नाही, तिपाईवर ठेवला.

"मास्तर, हे घालूनच वाजवा. पट्ट्या हस्तिदंताच्या हायेत. घामानं पिवळ्या पडतेत."

मी हातमोजे घातले. वर त्यालाच नमस्कार केला.

पियानो मी अमरावतीला शिकलो. माझा बाप तिथल्या मिशनच्या बंगल्यात माळी होता. मिशनच्या मॅडमनं मला आधी पायपेटीवर बसवलं, मग पियानोवर. पुढे अकोल्याच्या एका शाळेत गायनमास्तर म्हणून तात्पुरता लागलो. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे हेच जिनिंग मालक. कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना विकलेला पियानो त्यांच्याकडे पडून होता आणि गावात तो वाजवणारा मी एकटा. मला वाटलं, माझ्या बोटांचं चीज झालं.

हातमोजे घालून वाजवून बघा. बोटं घसरतात. एक पट्टी दाबायला जावं तर दोन दाबल्या जातात. मी घरी फळीवर खडूनं पट्ट्या आखल्या आणि हातमोजे घालून सराव केला. महिनाभरात जमलं. त्याचाही मला अभिमान वाटला. आई दर रविवारी ते हातमोजे रिठ्यानं धुवायची, नीळ द्यायची आणि मुद्दाम रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालायची. वस्तीतल्या बाया थांबून बघायच्या. आई सांगायची, मोठ्या घरी वाजवायला असे लागतात.

मुलगी मोकळ्या हातांनी वाजवायची. मला ते दिसत होतं. मिशनच्या मॅडमनंही कधी हात झाकले नव्हते, हेही आठवत होतं. मी माझी समजूत घातली. पोरीचे हात लहान, तिला घाम कमी. मॅडमचा पियानो साधा, हा भारी. चहाला कोणी विचारत नव्हतं. शिकवणीच्या वेळी चहा कसला, असं मीच ठरवून टाकलं. कोणी फसवायच्या आधी मीच फसायला तयार बसलो होतो.

आणि मी काही अडाणी नव्हतो. नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याला दोन वर्षं झाली होती. वस्तीतल्या सभेत पेटीवर मी बसायचो. कोणापुढे वाकायचं नाही, असं पोरांना मीच सांगायचो. त्या घरानं मला वरून पाणी वाढलं असतं, तर मी आल्या पावली परत फिरलो असतो. वेगळी कपबशी ठेवली असती, तर तोंडावर बोललो असतो. तसल्या अपमानाची मला लहानपणापासून ओळख होती. हा मात्र धुऊन, घडी घालून आला. म्हणून मी ओळखला नाही.

मग मे महिना आला. अकोल्याचा मे. दुपारी चारला दिवाणखान्यात पंखा फिरत होता, पण वारा भट्टीचा. हातमोजे घामानं चिंब झाले. मी डाव्या हातातला काढायला लागलो. मुलगी घाबरली. तिनं दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, काढू नका. आजी म्हणते, दुसरं काई असतं तं धुतलं असतं. पियानो धुता येत नाई."

तिच्या मनात काही नव्हतं. पाऊस आला तर वाळवण आत घ्यावं, तितकं साधं सांगितलं तिनं.

मला वाटलं, मी उठेन. नाही उठलो. ओला हातमोजा पुन्हा चढवला आणि धडा पुरा केला. पुढचे तीन आठवडेही जात राहिलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. कारण शाळेत माझा गाणाऱ्या पोरांचा समूह होता. चाळीस पोरं. त्यातली चार आमच्या वस्तीची. त्या शाळेच्या स्टेजवर आमचं पोर आजवर चढलं नव्हतं, खुर्च्या मात्र आमच्याच पोरांनी लावल्या होत्या. जूनमध्ये शाळा उघडताना मोठा समारंभ होता. त्यात ही चार पोरं पहिल्या रांगेत गाणार होती. मालक बिघडले तर समूह जाणार. तेवढं होईपर्यंत गिळ, असं मी स्वतःला सांगत होतो. रात्रभर हात चुलीशी धरल्यासारखे जळायचे. आईला काही सांगितलं नाही. ती नीळ देतच राहिली.

समारंभाच्या दिवशी पियानो बैलगाडीत गाद्या टाकून शाळेत आणला. पाहुणे यायला अर्धा तास होता. पोरं पियानोभोवती उभी केली. तेवढ्यात दिवाणजी आला. त्याच्या हातात कागदाचं पुडकं होतं. सोडलं. आत पांढरे हातमोजे. माझ्या मापाचा एक नवा जोड, आणि आणखी चार. लहान मापाचे.

चाळीस पोरं. चार जोड.

"ही पोरं पियानोपाशी उभी राहतेत," दिवाणजी म्हणाला. "हात लागतेत."

कोणती पोरं, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं बरोबर चौघांच्या पुढ्यात ठेवले. चौघांत एक मुलगी होती. हमालाची पोर, आवाज घंटेसारखा. तिनं झटकन घातले. हात उलटेसुलटे करून बघितले. तिचा चेहरा असा उजळला की माझ्यानं बघवेना.

"सर, हे आमाले कायमचे देल्ले का त्याईनं?"

माझा पहिल्या दिवशीचा चेहरा असाच असणार. मी खाली बसलो आणि तिच्या हातातले हातमोजे एकेक बोट सोडवून काढले. ती रडायला लागली. बाकीच्या तिघांचेही काढले. चारही जोड दिवाणजीच्या पायाशी ठेवले. माझा जोड त्यावर ठेवला.

मालक पुढे आले. रागावलेले नव्हते. खरंच दुखावलेले दिसत होते, आणि तेच मला आजही खुपतं.

"मास्तर, तुमचा मान राखूनच केलं न आमी? उघड कधी काई बोललो का?"

"नाई बोलले," मी म्हणालो. "म्हणून मले समजाले उशीर लागला."

मग मी पियानोशी गेलो आणि दोन्ही मोकळे हात या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पट्ट्यांवरून फिरवले. गाणं वाजवलं नाही. नुसता हात लावला. मोठा बेसूर आवाज झाला. छत्तीस पोरं माझ्याकडे बघत होती, कारण सूर चुकला की मी ओरडायचो.

चौघांना घेऊन मी बाहेर पडलो. फाटकापर्यंत पोचलो नाही, तोच मागून गाणं सुरू झालं. हेडमास्तरांनी पेटी ओढली असावी. मी सुट्टीत दीड महिना घासून घेतलेलं गाणं. पहिल्या रांगेचा आवाज पातळ पडला होता, पण पोरं छान गात होती. मी फाटकाशी उभं राहून पूर्ण ऐकलं. हमालाची पोर रडता रडता आपली ओळ हळूच म्हणत होती. छत्तीस पोरं तिथेच राहिली. ती माझीच होती, आणि त्यानंतर ती मला कधी भेटली नाहीत.

शाळेनं मला पुन्हा घेतलं नाही. आईला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तं साऱ्या वस्तीले दाखवले रे." त्यानंतर कित्येक दिवस ती रस्त्याच्या बाजूला बसली नाही. माझी नोकरी गेली त्याचं मला तेवढं वाटलं नाही. आईची मान खाली गेली, ते दुःख अजून आहे.

आता मी अमरावतीत राजापेठेला एका खोलीत पेटी शिकवतो, आणि वस्तीतल्या विहारात पोरांचा समूह बांधला आहे. पियानो नाही. तो पुन्हा कधी वाजवायला मिळेल असं वाटत नाही. कोणी शाल घेऊन आला, खुर्ची पुढे केली, की मी आधी विचारतो, सगळ्यांना देता का? मलाच का? उत्तर येईपर्यंत उभा राहतो. लोक म्हणतात, मास्तर कडू झाला. झालो. राहणार.

विहारात नवीन पोर आलं की मी त्याला सूर नंतर देतो. आधी एक शब्द म्हणवून घेतो. काहून? म्हणजे, का? पोटातून, मान वर करून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. पहिल्यांदा आवाज निघत नाही. मी पुन्हा म्हणायला लावतो. चारचौघांत विचारता येईल इतका मोठा होईपर्यंत त्याला गाण्याला बसवत नाही.