नदी समुद्राला मिळते तिथं, ट्रॅक्टरच्या ट्यूबेत बसून

सातवीच्या वर्गात फळ्यावर तापी काढत होते. निळ्या खडूने मुलताईपासून खाली आणत आणत सुरतेजवळ समुद्राला मिळवली, तोच मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, नदी समुद्राला मिळते तिथं रेघ असते का?" मी म्हटलं, असते... म्हणजे तशी नसते... आणि घंटा झाली म्हणून अब्रू वाचली. धुळ्यात, देवपूरच्या शाळेत मी इतकी वर्षं भूगोल शिकवतेय, आणि समुद्र काही मी पाहिलेला नाही. त्या दिवशी ते फार लागलं.

घरी येऊन जाहीर केलं, की रंगपंचमी झाली की रजा टाकून आपण केरळला जायचं. तिथं बोटीने कालव्याकालव्यातून थेट समुद्राच्या तोंडापर्यंत जाता येतं. आमचे हे, राजधरराव, शिरपूर तालुक्यातले केळीवाले. निम्मा आठवडा शेतावर, निम्मा देवपूरच्या घरी. तापीच्या काठी वाढलेला हा माणूस गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलेला नाही. गावातली पोरं पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली, तेव्हा हे काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळत होते.

"सुरतले जाऊत ना, जवळच शे," ते म्हणाले.

"सुरतेला आपण साड्या घ्यायला जातो. तिथं गेल्यावर मला नदी दिसेल का?"

हे त्यांना पटलं. पण अट घातली. "ज्या घडीले मी 'परत' म्हनसू, त्या घडीले बोट मांगे फिराले पाहिजे." मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता.

निघायच्या दिवशी सामानात एक भलीमोठी काळी गुंडाळी दिसली. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब! सोबत हवा भरायचा पंप. धुळ्याहून एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं, तर कंडक्टरने तीनदा विचारलं की ट्रॅक्टर कुठं बंद पडलाय. जळगावहून एर्नाकुलमला थेट गाडी आहे. जाणाऱ्यांसाठी सूचना : कोकणातून समुद्र दिसतो तो उजव्या बाजूला, तेव्हा खिडकी उजवीकडची घ्या. आमची डावीकडे होती. उजवीकडच्या कुटुंबाने पडदा ओढून झोप काढली आणि मी दिवसभर डोंगर पाहिले.

एर्नाकुलमहून अलप्पुळाला बसने जाता येतं. गावातच समुद्रकिनारा आहे, रिक्षावाले बोलावतात. मी मान फिरवली. मला पाण्यावरूनच पोचायचं होतं. हाऊसबोटी दिसायला राजवाड्यासारख्या, पण खिशाला जड. आम्ही छपराची छोटी मोटारबोट दोन दिवसांसाठी ठरवली. घासाघीस चालते, लाजू नका. बोट चालवणारा राजन आमच्याच वयाचा, अंगाने काटक, हिंदी बेताची. मला 'चेची' म्हणजे ताई आणि यांना 'चेट्टा' म्हणजे दादा म्हणायचा. यांनी चढण्याआधीच त्याला बजावलं, "मैं बोलेगा वापस, तो सीधा वापस!"

राजनने नारिंगी जॅकेट दिलं. यांनी ते दाबून पाहिलं. "यान्हामा काय भरेल शे कोन जाने. मनी ट्यूबना पंक्चर कोठे शेतस, ते तरी माले माहीत शे." मग जॅकेट अंगात, ट्यूब कमरेला, असे ते बोटीच्या मधोमध बसले आणि दोन दिवस तसेच राहिले. कालव्यात कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या.

कालवा मात्र काय सांगू! दोन्हीकडे माडांची सावली, भातशेती पाण्याच्या पातळीच्याही खाली, प्रत्येक दाराशी होडी लावलेली. आमच्याकडे पांझरेत इतकं पाणी आलं तर गाव पुलावर गर्दी करतं. मी हरखून बघत होते, इतक्यात एक हाऊसबोट शेजारून गेली आणि आमची बोट डुलायला लागली. यांनी तोंड उघडलं. "प..."

"अहो, ते पाहा, केळी!"

खरंच काठावर केळीची बाग होती. यांचं तोंड उघडंच राहिलं, पण शब्द बदलला. "इतलं पानी, अन् ठिबक नही!" बोट थांबवायला लावली. काठावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी राजनमार्फत अर्धा तास चर्चा झाली, कंद कुठला, घडाला टेकू काय देता, करपा येतो का. पाणी पार विसरले. मला औषध सापडलं.

मुक्काम वाटेत एका घरगुती ठिकाणी केला, स्वच्छ आणि स्वस्त. सकाळी घरमालकीणबाईंनी तांदळाच्या पिठाचा उकडलेला पुट्टू आणला आणि सोबत अख्खी वाफवलेली केळी. यांनी ताटाकडे असं पाहिलं, जणू घरातलं माणूस तिथं ठेवलंय.

"केळं काय आजारी शे का? त्याले वाफ काब्र दिधी?"

शेवटी आम्ही आमच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काढला. राजनने ठेचा चाखला आणि तांब्याभर पाणी एका दमात संपवलं.

दुसऱ्या दिवशी कायंकुळमचं पाणी लागलं, रुंद आणि उघडं. मासेमारीची मोठमोठी जाळी बांबूंवर टांगलेली. यांच्या कपाळावर घाम. "प..." म्हणेपर्यंत मी काठ धुंडाळत होते. केळी कुठंच नाही! दूर एका घराच्या कुंपणाशी हिरवी रुंद पानं दिसली, आणि मी ठोकून दिलं, "ती बघा, केळी!" यांनी डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "बारीक शे. खत कमी पडनं." ती कर्दळ होती. मनातल्या मनात मी स्वतःचीच पाठ थोपटली.

दुपारनंतर अष्टमुडी सरोवर आलं. याच्या टोकाला नीण्डकरा आहे, समुद्राचं तोंड. आता काठच लांब राहिला. समोरून मासेमारीचे ट्रॉलर बंदराकडे निघाले होते, त्यातला एक अगदी जवळून गेला. लाट आडवी आली, बोट एका बाजूला कलली, पाणी आत आलं, माझी पर्स वाहत बाकाखाली गेली. आणि मी, जी दोन दिवस नवऱ्याला हसत होते ती मी, ओरडले, "परत! राजन, वापस लो!"

राजन गोंधळला. कराराप्रमाणे हा शब्द माझा नव्हताच. त्याने यांच्याकडे पाहिलं. "चेट्टा?"

यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण त्यांनी कमरेची ट्यूब वर ओढून काढली, ती माझ्या डोक्यावरून घातली आणि म्हणाले, "आगे लो." मग मला, "वर्गमा त्या पोरले काय सांगशी? बस उगी."

मी ट्यूबेत बसले, एका हाताने त्यांचा शर्ट घट्ट धरून.

बंधाऱ्याच्या दगडांच्या आतच राजनने बोट थांबवली, पुढे जायला या बोटीला मनाई. पण दिसत होतं सगळं. सरोवराचं मातकट हिरवं पाणी एकीकडून, समुद्राचं निळं दुसरीकडून, आणि मध्ये फेसाची रेघ. रेघ होती! पण ती जागेवर नव्हती, आत यायची, बाहेर जायची, वाकडी व्हायची. मला रडूच आलं. मी यांना दाखवत होते, आणि हे डोळे मिटून बोटीचा खांब धरून उभे होते. "दखं ना," म्हणाले, "बठ्ठं दखं." सगळं पाहिलं म्हणे, मिटल्या डोळ्यांनी!

परतीच्या गाडीत, भरपूर जमिनीवर आल्यावर, यांनी सहज विषय काढला. "ती कालनी बाग. कर्दळ व्हती ती."

मी चमकले. "तुम्हाला कळलं होतं?"

"तीस वरीस व्हयनात केळी लाई ऱ्हायनू."

"मग खत कमी पडलं का म्हणालात?"

"तुले समुद्र देखना व्हता ना," ते म्हणाले, आणि चहावाल्याला हाक मारली.

धुळ्यात उतरलो तर ऊन चपलेतून वर येत होतं. वर्गात त्या मुलीला सांगितलं, रेघ असते, पण एका जागी थांबत नाही. तिने विचारलं, "मग परीक्षेत काढायची की नाही, बाई?" मी म्हटलं, काढ, खोडरबर जवळ ठेव. ट्यूब शेतावर परत गेली आहे. देवपुरात मात्र आमच्या गल्लीला एकच गोष्ट माहीत आहे, की भूगोलाच्या बाई बोटीत घाबरल्या आणि राजधरभाऊंनी त्यांना धीर दिला. खोटं तरी कसं म्हणू?

परवा जेवताना मी हळूच अंदमानचं नाव काढलं. यांनी घास थांबवला.

"तठे केळी शे का?"

"आहेत म्हणे."

"नसनी तरी चाली," ते म्हणाले. "तू कर्दळ दखाडशीच."