बॉल आणायचा कुणी

आमच्या टीमला ड्रेस नव्हता तेव्हापासून एक कायदा आहे. बॉल बाहेर गेला की तो कप्तानानं आणायचा. ज्याच्या हातून गेला त्यानं जागा सोडायची नाही.

खेळ शूटिंगबॉल. शहरातल्या माणसांना सांगावं लागतं म्हणून सांगतो, हा व्हॉलीबॉलचाच भाऊ, पण गावाकडं वाढलेला. बोटांच्या टोकांवर झेलायची नाजूक कामं इथं नाहीत. मुठी आवळायच्या आणि हाणायचं. पिंपळगावात कोल्ड स्टोरेजच्या मागं आमचं मैदान आहे. शाळा मी चौथीत सोडली, मैदान सोडलं नाही.

कायदा माझा नाही. माझ्या आधीचे कप्तान कांद्याच्या मार्केटात हमाल होते. माझ्या पहिल्याच सामन्यात माझ्या मुठीवरून बॉल उडाला तो थेट शेजारच्या द्राक्षबागेत. लाजेनं मी पळत निघालो, तर त्यांनी मागून कॉलर धरली.

"कुठं चालला?"

"बॉल आणतो."

"उभा राहा हितंच. तू तिकडं गेला की ही समदी तुझ्या नावानं बोटं मोडतील. समोर उभा असला की कोणाची छाती होत नाय."

आणि ते स्वतः गेले. वाकून, वेलींच्या खालून, अगदी सावकाश. ते परत येईपर्यंत सगळ्यांची डोकी थंड झाली होती. पुढचा बॉल मी बरोबर मारला.

"आणि कप्तानच चुकला तर?" मी त्यांना नंतर विचारलं होतं.

"तर त्यानंच जायचं. माघारी बोलू दे की पोरांना. कप्तानाला चार शिव्या दिल्याबिगर टीमला अन्न पचत नाय."

त्यांच्यानंतर कप्तानी माझ्याकडं आली ती अशीच. हार नाही, नारळ नाही. एक दिवस बॉल गेला, ते हलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. मी जाऊन आणला. तेव्हापासून आमच्यात जो बॉल आणायला जातो तो कप्तान, हे सांगावं लागत नाही. पिंपळगावचे बघेसुद्धा हे ओळखून आहेत. बॉल त्यांच्या पायाशी आला तरी उचलत नाहीत. नवरदेवाला वाट द्यावी तशी मला वाट देतात.

आता माझे गुडघे गेले. गेले म्हणजे आहेत, पण माझं ऐकत नाहीत. मुलगा नाशिकला इंदिरानगरात राहतो, त्यानं तिथल्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, उभं राहा, चाला, पळू नका. मुलगा म्हणाला, "नाना, आता इकडंच या राहायला. आमच्या बागेत म्हाताऱ्यांचा हास्य क्लब आहे."

मी म्हटलं, "हसायला क्लब लागतो? आमच्या मैदानावर ये, माझी सर्व्हिस बघून लोक फुकट हसतात."

पण खरं सांगतो, मला खेळ सुटायची भीती नव्हती. नेटजवळ उभा राहून मी अजून कोणाचाही बॉल दाबतो. भीती कप्तानीची होती. आमच्या टीममध्ये एक टेम्पोवाला आहे. हात असा की बॉल मारला की समोरचा आधी डोळे मिटतो. तो रोज म्हणायचा, "नाना, मी आणतो ना पळत जाऊन! तुमी येस्तोवर माझं अंग गार पडतं."

"पडू दे. गार पडावं म्हणूनच जातो."

"अहो, पण बर्फ होतो आमचा!"

वेल्डिंगवाला मामू आमचा सगळ्यात जुना गडी. तो मध्ये पडायचा, "अरे जाने दे उसको. नाना गेला की मी तेवढ्यात तंबाखू मळून घेतो."

मी दोघांनाही दाद दिली नाही. बॉल मीच आणत राहिलो. टेम्पोखालून, क्रेटच्या थप्पीमागून, एकदा तर बायका द्राक्षं निवडत होत्या तिथून. त्यांनी बॉल दिला आणि वर, "बाबा, घरी कोणी नाय का तुमाला?" असंही विचारलं.

मग नांदगावची टीम आली. सामना आमच्याच मैदानावर, पंच नाशिकहून आणलेला. नांदगावची पोरं खेळायला वाघ. पण एकाच्या हातून बॉल सुटला की बाकीचे सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. "आंधळा हाय का तू? जा, आण आता!" आणि ते पोरगं मान खाली घालून बॉल आणायला. मी मामूला म्हटलं, "बघ, ही पोरं घरी जाऊन जेवणार नाहीत."

मामू म्हणाला, "पण जिंकतायत, नाना."

जिंकत होतीच. तिसऱ्या वेळी मी रमतगमत बॉल घेऊन आलो तेव्हा पंचानं मला बाजूला घेतलं. "आजोबा, मान आहे तुमचा. पण आता उशीर झाला तर मी पॉइंट त्यांना देणार. दुसऱ्या कोणाला पाठवा."

"कप्तान मी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय."

मी ऐकलं नाही असंच दाखवलं. म्हातारपणाचा तेवढा तरी उपयोग आहे.

आणि नेमका पुढचा बॉल माझ्यावर आला. सोपा. नातवानं मारावा असा सोपा. माझी मूठ अर्धी लागली आणि बॉल मागं उडाला तो बघ्यांच्या डोक्यांवरून, कंपाउंडच्या पलीकडं, सर्व्हिस रोडला. तिथं क्रेटांनी भरलेले टेम्पो लागले होते. बॉल कुठल्याशा टेम्पोखाली गेला. बघ्यांनी नेहमीप्रमाणं वाट केली. पंचानं शिट्टी तोंडाला लावली.

मी निघालो. पाचसहा पावलांत गुडघा अडला. तरी दात आवळून निघालोच होतो, तेवढ्यात मागून दंडाला कोणीतरी धरलं. टेम्पोवाला.

"कुठं चालले?"

"सोड. कप्तान मी हाय."

"पण चुकलं कोण?"

मी दंड सोडवायला बघितलं.

"चुकला त्यानं जागा सोडायची नाय. तुमीच शिकवलं ना? मग उभे राहा हितंच."

आणि गेला की पळत. माझ्याच कायद्यानं मला जागेवर ठोकलं आणि त्या केलेल्या वाटेतून नवरदेवासारखा निघून गेला.

मी उभा राहिलो. चुकल्यावर जागेवर उभं राहायचा योग मला कप्तान झाल्यापासून आलाच नव्हता. कोणी काही बोललं नाही. मामूनं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दुसऱ्या हातानं तंबाखू पुढं केली. मैदानात मी कधी खात नाही. त्या दिवशी घेतली.

टेम्पोवाल्यानं येताच बॉल नांदगावकडं फेकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "नाना, दोन पावलं मागं."

सगळं मैदान बघत होतं. आजवर मला मागं हो म्हणायची कोणाची टाप नव्हती. मी मामूकडं बघितलं, तो नेटकडं बघत होता. मी दोन पावलं मागं सरकलो. आणि बॉल तिथंच आला, सरळ मुठीवर. असा हाणला की नांदगावचा एकजण डोकं वाचवायला खाली बसला.

सामना गेला. त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मैदानावर गेलो. इंदिरानगरला जाणार नाही हे मुलाला फोनवर कळवूनच गेलो. खेळ चालू झाला आणि टेम्पोवाल्याचा एक बॉल सुटला, गेला बागेत. तो मुकाट्यानं आणायला निघाला. कुंपण ओलांडून दिसेनासा झाला तशी मी मामूला कोपरानं ढोसलं.

"बघितलं? पाय बघ कसा टाकला. डोळे कुठं असतात याचे? याला कप्तान केला कोणी?"

मामू म्हणाला, "तूच ना?"

"मग काय झालं? म्हणून बोलू नये काय?"

लय बरं वाटलं. इतकी वर्षं ही पोरं माझ्या माघारी एवढी मजा करत होती, आणि मला वाटायचं डोकी थंड होतायत.