नाशिकच्या तालमीतली जोड

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, डोक्याचं औषध पायांत आहे. कुठंतरी जा आणि घाम गाळा."

मी जळगावात संस्कृत शिकवतो. त्या फाल्गुनात भर वर्गात 'राम' शब्द चालवताना षष्ठीला अडकलो. 'रामस्य' काही केल्या आठवेना. मुलं आधी हसली, मग गप्प झाली, आणि ते गप्प होणंच जास्त लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, सुट्टीनंतर पाहू. म्हणजे तेव्हा जमलं नाही तर वर्ग दुसऱ्याला. बायको वारून वर्ष झालं होतं, मूलबाळ नाही. वर्ग गेला असता तर दिवसभरात माझ्याशी बोलणारं कुणीच उरलं नसतं.

मे महिन्यात पॅसेंजरनं निघालो. मनमाडला चहा घेऊन ठेवावा, कारण पुढे लासलगावला कांद्याची पोती चढेस्तोवर गाडी हलत नाही आणि डबाभर वास भरून राहतो. नाशिकरोडला उतरलं की शहर अजून लांब असतं; टांग्याचं भाडं आधी ठरवून घ्यावं.

माझा टांगेवाला कासमभाई, माझ्याच वयाचा. "पिंडदानाला आलात?"

"नाही. व्यायामाला."

त्यानं लगाम ओढून मागं पाहिलं. "या उमरीत? मग आमच्याच तालमीत या की."

धर्मशाळेत पथारी टाकली आणि पहाटे तालमीत पोचलो. लाल माती, तेलाचा वास, कोनाड्यात मारुती. बाबूराव वस्तादांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मास्तर, तुमची जोड?"

"गेल्या वर्षी वारली," मी म्हणालो.

बैठका मारणारे सगळे थांबले. कासमभाई हळूच म्हणाला, "वस्ताद विचारतात, संगतीला कोन? तालमीत जोड म्हंजे बरोबर मेहनत करनारा."

जन्मभर दुसऱ्यांना शब्दांचे अर्थ सांगितले आणि इथं पहिल्याच शब्दाला चारीमुंड्या चीत! पण कुणी हसलं नाही. वस्ताद म्हणाले, "कासम, आजपासून मास्तरांची जोड तू." वर्षभरात मला कुणी कुणाशी जोडलं नव्हतं. डोळे भरून आले, ते दिसू नयेत म्हणून मी लगेच जोर मारायला वाकलो.

त्या भरात इतक्या बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी गोदेचा घाट बसून उतरावा लागला. वस्ताद रागावले. "सोसंल त्याच्या निम्मं करायचं. उद्या थोडं वाढवायचं. रोज यायचं, पर लय घाई नाय. आन् आठवड्यात एक दिवस अंगाला सुट्टी. ताकद आरामातच भरती." व्यायामाला जाणार असाल तर एवढं शास्त्र पुरे आहे. वर पोटभर भाकरी, दूध आणि झोप.

झोप आधी परतली. मग भूक. दुपारी मात्र धर्मशाळेत वेळ खायला उठे. यात्रेकरू आपापल्या माणसांत असत आणि मी भिंतीशी बसून राही. पण एका सकाळी मेहनतीनंतर नदीत डुबकी मारली आणि विसरलेला श्लोक चारी चरणांनिशी आपसूक ओठांवर आला. मी पाण्यातच ओरडलो. काठावरून कासमभाई म्हणाला, "काय चावलं काय?" डॉक्टर म्हणत ते खरं होतं: रक्त खेळतं राहिलं की मेंदूही खेळता राहतो.

निघताना कासमभाईनंच स्टेशनला सोडलं. "घरी मेहनत सोडू नका, मास्तर. एकट्याला कंटाळा येतो, मला मालूम हाय. तरी करा."

शाळा उघडली. मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले. 'राम' तिन्ही वचनांत, संबोधनापर्यंत, कुठंही न अडखळता चालवला. वर्ग माझ्याकडेच राहिला. सुटकेचा निःश्वास मुलांनी सोडला की मी, कोण जाणे.

एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली नव्हती. त्या वर्षात मला बायकोचा आवाजही आठवेनासा झाला होता. चेहरा होता, पण मुका. डोकं ताळ्यावर आलं तेव्हा नुसता 'रामस्य' परतला नाही. त्या संध्याकाळी जोर मारून, घाम पुसत ओसरीवर बसलो होतो, आणि आतून स्पष्ट ऐकू आलं, "अहो, ताट वाढलंय."

"आलो," मी म्हणालो. मग उठून आत गेलो आणि चूल पेटवली.