तोंडावरचा पाला

डोंगरसिंग पोलिसात लागला तेव्हा त्याच्या आईने पाड्यावर गूळ वाटला आणि बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. धडगावच्या वरच्या डोंगरात खाकी कपडा यायचा तो कुणाला तरी बांधून न्यायलाच, आणि आता तो घरातल्याच पोराच्या अंगावर चढला होता. खाली तालुक्याच्या ठाण्यात मात्र या पोराचा फार उपयोग. कुठे चोरी झाली, की पंचनाम्याच्या आधी फौजदारसाहेब हाक मारत, "डोंगर, जा, दोन भिल्ल घेऊन ये." कुठले दोन, हे विचारायचं नसे. डोंगरसिंग स्वतः पावरा; पण खालच्या लोकांच्या लेखी डोंगरातला झाडून सगळा माणूस भिल्लच. तेवढी चौकशी करायला कुणाला सवड होती!

लोक त्याला तोंडावर शिपाईदादा म्हणत आणि पाठ वळली की भिलडा. चहाच्या दुकानात त्याची कपबशी वेगळी ठेवलेली असे. हे आपल्या अंगवळणी पडलंय, असं तो म्हणायचा. खोटं बोलायचा.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात तापीकाठच्या एका गुजर गावाबाहेर, गाडीवाटेच्या कडेला, मगन पाटलाचं प्रेत सापडलं. डोकं फुटलेलं. चेहऱ्यावर पळसाचा हिरवा पाला नीट पसरलेला, उशाशी एक धोंडा, आणि सगळीकडे मोहाच्या दारूचा वास. मगनचा थोरला भाऊ लोटन छाती पिटत होता. "भिलडास्नंच काम शे, साहेब! मारं आनि पालाखाले दपाडी टाकं!"

पाला बघताच डोंगरसिंगने खूण ओळखली. वाटेत असा अवचित मेलेला माणूस दिसला, की डोंगरातला माणूस त्याला उघडा टाकून पुढे जात नाही. तोंडावर पाला घालतो, उशाशी धोंडा ठेवतो, जवळ असेल तर मोहाची धार सोडतो. मेलेला आपला असो, परका असो, वैरी असो. नाहीतर तो जीव वाटेवरच भटकत राहतो. हे काम मारणाऱ्याचं नव्हतं. कुणीतरी भल्या माणसाने मेलेल्याची लाज राखली होती.

हे तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. डोंगरसिंग बोलला नाही. चौघांत तोंड उघडायचं, तर आधी "तू त्यांचाच" हे ऐकून घ्यावं लागणार. फौजदार म्हणाले, "शोध." त्याने शोधलं. बाजाराच्या वाटेवर चारोळीचं गाठोडं घेऊन बसलेला उदेसिंग नावाचा तरुण पावरा त्याला सापडला. कमरेला मोहाच्या दारूचा रिकामा तुंबा, बोटांवर वाळलेलं रक्त. तो पळाला नाही. पळायचं कशाला, हेच त्याला कळेना. डोंगरसिंगने त्याचे हात दोराने बांधले, तेही त्याच्याशी मराठीत बोलत, जणू पावरी भाषा आपण कधी ऐकलीच नाही.

ठाण्यात उदेसिंगला मार बसला. "पाला मीच घातला," एवढंच तो सांगत राहिला, आणि तेवढं लिहून घ्यायला सगळ्यांना पुरेसं झालं. डोंगरसिंगला एका जागी बसवेना. तो पाणी प्यायला उठे आणि न पिताच परत येई. पहाऱ्यावर उभा राही, तर पाय आपोआप कोठडीकडे वळत. बायको रूपलीबाईने विचारलं, "अंगात ताप आहे का?" तो तिच्यावर खेकसला आणि ताटावरून उठला.

शेवटी तो फौजदारांपुढे जाऊन उभा राहिला आणि पाल्याची रीत एका दमात सांगून मोकळा झाला. फौजदार हसले. माणूस दुष्ट नव्हता. त्याला फक्त घाई होती.

"जातभाईचा कळवळा आला होय? उद्या त्याला धुळ्याला पाठवायचंय. फासावर जाईल बिचारा, पण पुरावा आहे, मी काय करणार? आणि डोंगर, पट्टा प्यारा असेल तर पुन्हा हे तोंडातून काढू नकोस."

डोंगरसिंग सलाम ठोकून बाहेर आला, आणि तसाच भर उन्हात गुजरांच्या गावाची वाट चालू लागला. काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. निदान मेलेल्याच्या माणसांना तरी कळू दे, एवढंच डोक्यात.

मगनच्या ओट्यावर सुतकाची माणसं बसली होती. त्याला ओट्यावर कोण घेणार? तो अंगणातच उभा राहिला आणि आतल्या बाईला, मगनच्या बायकोला, तापीबाईला ऐकू जाईल असा मोठ्याने बोलला.

"वहिनी, मी ठानाना शिपाई. तो पाला दपाडाकरता नव्हता. आमना डोंगरमा मरेल मानूसनं तोंड उघडं ठेवतस नही. त्या पोऱ्यानी तुमना मालकले मान दिन्हा. बस, इतलंच सांगाले उनू."

"चाल, निंघ आठून!" लोटन ओट्यावरून उतरून त्याच्या अंगावर आला. डोंगरसिंग मागे सरला नाही. फार वर्षांनी तो कुणापुढे मागे सरला नव्हता.

तेवढ्यात तापीबाई बाहेर आली. नव्या विधवेने असं चारचौघांत येणं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. तिचा पदर घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"त्येनी तोंड झाकं?" तिने विचारलं. "परका भिलनी?" मग ती जेठाकडे, लोटनकडे वळली. "आनि तुम्ही? मोटना पानीनी पाळीवरथून सख्खा भाऊले मारं आनि कुत्रास्करता रस्तावर टाकी उनात! रगतनं धोतर माले धोवाले दिन्हं. मी नही धोवं. कडबामा ठेयेल शे."

लोटन मटकन खाली बसला.

धोतर मिळालं, लोटनने कबुली दिली, उदेसिंग सुटला. फौजदारांनी डोंगरसिंगची पाठ थोपटली आणि त्याला डोंगराच्या पायथ्यापर्यंत उदेसिंगची सोबत करायला सांगितलं. गुजरांच्या गावातली पोरं अजून तापलेली होती. वाटेत डोंगरसिंगने पहिल्यांदा तोंड उघडलं ते पावरीत. उदेसिंगने चमकून पाहिलं.

"दादा, तू आमचाच?"

"हो."

"मग पाला बघितलास तेव्हाच तुला कळलं असेल."

"हो."

"तरी बांधलंस?"

उदेसिंग पुढे चालत राहिला. मार खाल्लेला पाय तो ओढत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चढ सुरू झाला तिथे तो थांबला आणि खरोखरच विचारावं तसं त्याने विचारलं, "मग पुन्हा वाटेत असा कुणी मेलेला दिसला, तर मी काय करू? तू खालचं सगळं जाणतोस. तूच सांग."

रीत सोडू नकोस, असं डोंगरसिंगला म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे ठाण्याची कोठडी आली. पुढच्या खेपेला आत बसलेली बाई बाहेर येईलच, याची हमी कोण देणार?

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "बघू नकोस. सरळ पुढे निघून जा."

उदेसिंगने मान हलवली आणि तो डोंगर चढू लागला. आपल्या बापाच्या भाषेत आपण हे सांगितलं, याची लाज डोंगरसिंगला पेन्शनीत निघाल्यावरही सुटली नाही.