चढणाऱ्या गाडीला वाट

आमच्या घाटात एक रीत आहे. उतरणाऱ्या गाडीने थांबायचं आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ज्या कोणी ही रीत पाडली, त्याला चढ ठाऊक असणार.

माझी छोटी गाडी माझ्याहून वयाने मोठी. तिच्यातून मी रोज घाटावरच्या शाळेत शिकवायला जाते. शेवटच्या वळणावर ती एकदा थांबली, की पुन्हा चढत नाही. पार सपाटीपर्यंत मागे घ्यावी लागते.

आज नेमकी त्याच वळणावर वरून बस आली. पण ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. त्याच्या मागचा चकचकीत गाडीवाला हॉर्न बडवू लागला, तसा तो खिडकीतून ओरडला, "ओ साहेब, चढाची गाडी हाय, दिसत नाय?" मग मला म्हणाला, "या मॅडम, या! दम सोडू नका!"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दिवसा दुकानात काम करून बीए व्हायला मला सहा वर्षं लागली. शेजारीण विचारायची, "अजून शिकतीच आहे का गं तुझी पोरगी?" आई म्हणायची, "चढाला लागलीय ती, वेळ लागायचाच." आणि माझ्या वाटणीचं पाणी भरायला स्वतः निघायची.

पहिल्या गियरमध्ये घुरघुरत, कुठेही न थांबता, मी बसच्या शेजारून वर निघून गेले. आभाराला हात करता आला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. हॉर्न मात्र दाबला, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा.