सालाआधी फुललेली कारवी

भुतंखेतं, करणी, अंगात येणं... सत्तरी उलटली तरी मी यातलं काही मानत नाही. शाळा चौथीपर्यंत, पण लोणावळ्याच्या डोंगरात कुठल्या महिन्यात काय दिसेल हे मला विचारूनच फोटोवाले पुण्याहून निघतात. माझा शब्द कधी चुकला नाही — म्हणून हे लिहिणं जिवावर येतंय.

गेल्या पावसाळ्यात वडगावला राहणारी आमची सून म्हणाली, "मामा, रजा एकदाच मिळणार. कॅमेरा घेऊन कधी येऊ?"

"मार्गशीर्षात. हवा लख्ख, पाखरं लय. आत्ता नुसतं धुकं."

आमची म्हातारी आतून ओरडली, "भाद्रपदात ये गं! कारवी फुलनारे!"

मी हसलो. कारवी सात वर्षांनी फुलते, अजून तीन बाकी होती. मागच्या फुलोऱ्याला हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, डोंगर नुसता जांभळ्या धुरासारखा दिसला. आता ऑपरेशन झालं, आणि बाईला घाई.

"तीन वर्सं थांब की."

"तवर जगायचं कुनी लिवून दिलंय? फुलली तर मिशी काढाल?"

"काढतो!"

सुनेनं रजा भाद्रपदातच टाकली. भुशी धरणाची गर्दी मागं टाकून आम्ही तिघं वरच्या पठारावर गेलो. भर दुपार, पण हातभर अंतरावरचं दिसेना.

"बघ, काय दिसतंय तुला?" मी म्हणालो.

"गप ऱ्हावा जरा."

आणि धुकं सरकलं... कडेला पाच-सहा झुडपं — जांभळी! मधमाश्या घोंगावत होत्या. म्हातारी फुलात नाक खुपसून पोरीसारखी हसत सुटली. "आवो, आतनं बारीक लव हाये ह्याला! कदी बोलला न्हाईत तुमी!" सून फोटो काढत होती, डोळे पुसत होती. मलाही हसू आवरेना.

घरी येऊन मिशी उतरवली. शब्द म्हणजे शब्द.

पण मी हट्टी. सकाळी एकटाच परत गेलो. तीच कड, तीच झुडपं — हिरवीगार. कळी नाही, खाली पाकळी नाही. फुलली की बी टाकून कारवी वाळून जाते, मावळात हे सगळ्यांना ठाऊक. ही झुडपं आजही जिवंत आहेत. आणि फोटो आमच्या भिंतीवर आहे, म्हातारीच्या गालाला फूल टेकलेलं.

कसं झालं, मला सांगता येत नाही. फोटोवाल्यांचा फोन आला की मी अजून ठणकावतो, "कारवीला वेळ हाये!"

मागून म्हातारी म्हणते, "मिशी आत्ताच कुटं आलीय... जपून बोला."