बाबांच्या वतीने

नारपोलीतल्या आमच्या कारखान्यात कापड विणणारे चोवीस लूम आहेत. ते सुरू असताना कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे कोणी आवाज वापरतच नाही. ओठ हलवायचे, हातवारे करायचे, समोरच्याने समजून घ्यायचं. मी लहानपणापासून तिथेच वावरलो. अक्षरं यायच्या आधी मला ओठ वाचता येत होते, अशी फुशारकी मी मारायचो. आता मारत नाही.

याच हुशारीपायी बाबांचा आवाज कधी बसला ते मला कळलं नाही. दिवसभर आम्ही दोघं लूमच्या मधल्या गल्लीत असायचो आणि त्यांचं सगळं बोलणं मला समजत होतं. घरी ते आधी आईच्या लक्षात आलं. म्हणाली, "यांचा गला बसलाय. दाखव कोनाला तरी." मी म्हटलं, कारखानेवाल्याचा गळा बसणारच, सुताचा कचरा जातो घशात, गूळ खायला दे.

चुलत बहिणीच्या हळदीला तर मी कहर केला. मांडवात माइक हातात आला तसं बाबांच्या घोगऱ्या आवाजात अख्ख्या भावकीला जेवायला बोलावलं. लोक पोट धरधरून हसले. बाबाही हसले. त्यानंतर ते घरी फारसे बोलेनासे झाले आणि मी समजलो, वय झालं. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण खरी लाज याच्या पुढे आहे.

आईच्या कटकटीला कंटाळून शेवटी मी त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. तोवर पाच महिने उलटले होते. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "किती दिवस झाले?" बाबांनी तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज फुटायला वेळ लागायचा. तेवढ्यात मीच सांगून मोकळा झालो, "पंधरा दिवस झाले असतील. आमच्या धंद्यात सगळ्यांचंच असं असतं." खरं सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, इतके दिवस काय झोपला होतात? बाकीच्या पेशंटसमोर ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चारचौघांत मुलाला खोटं पाडणं त्यांना कधी जमलंच नाही.

डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं की दोन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. मी हो हो म्हटलं. दोन आठवड्यांनी मेडिकलमधून तीच बाटली पुन्हा आणली. मग आणखी एक. असे वर चार महिने घालवले. पाणी पितानाही ठसका लागायला लागला तेव्हा त्यांना ठाण्याला नेलं. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "सुरुवातीला आला असतात तर बहुतेक नुसत्या रेडिएशनच्या शेकावर भागलं असतं. आवाज राहिला असता." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्वरयंत्र काढावं लागलं. बाबा वाचले. मानेला पुढून भोक आहे, तिथून ते श्वास घेतात, आणि बोलतात ते नुसत्या ओठांनी. लिहिणं त्यांना सहीपुरतंच येतं. आईने कारखान्यात कधी पाऊल टाकलं नाही, तिला ओठ कळत नाहीत. म्हणून मी दोघांच्या मध्ये बसतो. ते ओठ हलवतात, मी आईला सांगतो. आमटीत मीठ कमी आहे, कोनगावच्या आत्याला फोन कर. त्यांची भांडणंसुद्धा माझ्याच तोंडून होतात.

परवा दुपारी जेवणं आटोपली आणि आई पुन्हा त्या पहिल्या डॉक्टरांवर घसरली. ती रोजच घसरते आणि मी रोजच गप्प बसतो. "एवढा शिकलेला मानूस, त्याला कललं न्हाय? माझ्या मानसाचा आवाज घालवला त्यानं."

मी ताट उचलायला लागलो. बाबांनी मनगट धरून मला खाली बसवलं. मग मला नीट दिसेल अशा बेताने, सावकाश, एकेक शब्द ओठांवर आणला. डॉक्टरची चूक न्हाय. यानं पंधरा दिवस सांगितलं आणि मी गप ऱ्हायलो. पोराला काय बोलू नको.

"काय म्हनतात ते?" आईने विचारलं.

"चहा मागतायत," मी म्हणालो.

"आता? जेवनावर?" असं पुटपुटत ती उठली आणि आत गेली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी ताटाकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने आईने कप आणून त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी तो उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला.